आखूड लिहू, आखडून नाही

आपल्या पोरांच्या दहा ओळींच्या लिखाणाला 'स्फुट' म्हणून बाजूला सारायची मराठी साहित्याची खोड जुनी आहे. कादंबरी लिहिली की लेखक, दहा ओळी लिहिल्या की होतकरू! हे माप कुणी ठरवलं? ज्यांच्या घरात टेबल होतं, दिवा होता, निवांत दुपार होती, त्यांनी. कळंब, वाशी, भूमकडनं उचल घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या घरातल्या पोरानं पाच-सहा महिने फडात कोयता चालवायचा, वर कादंबरीची बैठक कुठनं आणायची? रात्री अर्धा तास मिळतो. त्यात मावेल तेवढंच तो लिहिणार.

पण म्हणून आखूड लिखाण हलकं ठरत नाही. १८५५ साली मुक्ता साळवेनं, फुल्यांच्या शाळेतल्या मांग समाजातल्या पोरीनं, मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. 'ज्ञानोदया'त तो छापून आला. एका बैठकीत वाचून होतो. वेद आमचे नाहीत, तर मग आमचा धर्म कोणता, असं तिनं सरळ विचारलं. पोथ्यांच्या ढिगाऱ्याला अजून उत्तर सुचलेलं नाही.

आणि संविधानाचं कलम १७ बघा. अस्पृश्यता नष्ट केली, ती पाळायला बंदी. तिच्यापायी कुणाला अडवलं तर गुन्हा. मूळ कलम दोन वाक्यांचं. मनुस्मृतीचे बारा अध्याय एका पारड्यात ठेवा, ही दोन वाक्यं दुसऱ्यात.

आता आपल्यातल्याच दोस्तांशी भांडण. मोबाईलवर 'अलक' फिरतात, अति लघु कथा. चार ओळी, शेवटाला कलाटणी, डोळ्यात थेंबभर पाणी, की ढकलली पुढं. त्यातल्या गरिबाला जात नसते. कामवाली प्रामाणिक निघते, मालकिणीला पश्चात्ताप होतो, संपलं. आणि बाईचा पगार? होता तेवढाच! आपली पोरंही हा साचा उचलायला लागलीत. गाव गाळायचं, जात गाळायची, पाणी कुणी अडवलं ते गाळायचं. याला आखूड लिहिणं म्हणत नाहीत. हे आखडून लिहिणं झालं. वाचणाऱ्याला बोचू नये म्हणून आपणच आपली जीभ कापायची?

फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब आपल्या कसबे तडवळ्याला आले होते, महार-मांग वतनदार परिषदेला. तिथं गेलेली पिढी जवळपास संपली. तिच्याकडनं ऐकलेली माणसं अजून वस्तीत बसलेली आहेत. त्यांच्यापाशी जा. कोण कुठनं गेलं, घरात कोणती वतनाची कामं होती, कोणतं काम कधी सोडलं, सोडल्यावर गावानं काय केलं, हे विचारा. एका माणसाचं एक पान करा. आजीला जात्यावरची भीमाची ओवी येत असेल तर तीही उतरवून घ्या, आणि खाली तिचं नाव घाला. ओवी तिची आहे, 'लोकसाहित्या'ची बेवारस नाही.

पान लहान असू द्या. त्यावर गाव पाहिजे, साल पाहिजे, कामाचं नाव पाहिजे. शेवटच्या ओळीत कलाटणी नको, त्या माणसाचं म्हणणं पाहिजे.