अंगठा, ओठ आणि वाढता जबडा

मूल अंगठा चोखते म्हणून त्यावर मिरची चोळावी, कडू रस लावावा, चारचौघांत त्याला हिणवावे, हे उपाय मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. त्यांमागे वडीलधाऱ्यांची कळकळ असते, हे खरे. परंतु मुलाच्या वाट्याला येते ती केवळ लज्जा. जपानने या प्रश्नाकडे अधिक शांतपणे पाहिले आहे.

तेथील बालदंतवैद्य तीन वर्षांपर्यंतच्या अंगठा चोखण्यास दोष मानीत नाहीत. ती बाल्यातील स्वाभाविक प्रवृत्ती होय. चौथ्या-पाचव्या वर्षानंतरही सवय टिकली, तर मात्र तिचा परिणाम दिसू लागतो. वरचे पटाशीचे दात पुढे ढकलले जातात, खालचे आत कलतात, आणि दाढा मिटल्या तरी पुढे फट राहते. जीभ टाळूला टेकण्याऐवजी खाली पडून राहते. गालांचा दाब चालूच असतो, आणि वरचा जबडा अरुंद होतो. सहाव्या वर्षाच्या सुमारास कायमचे दात येऊ लागतात. त्यापूर्वी सवय सुटली, तर ती फट पुष्कळदा आपोआप भरून येते. अर्थात सर्वच वेडेवाकडे दात सवयीचे नव्हेत. आनुवंशिकतेचा वाटाही मोठा असतो.

दुसरी सवय निमूट असल्यामुळे अधिक फसवी आहे: सदैव उघडे राहणारे ओठ. जपानभरातील 3 ते 12 वर्षांच्या 3399 मुलांची पाहणी 2021 साली प्रसिद्ध झाली. तीत सुमारे 31 टक्के मुलांचे ओठ नीट मिटत नसल्याचे आढळले. आणि वयाबरोबर हे प्रमाण घटण्याऐवजी वाढलेले दिसले. ‘मोठेपणी सुटेल’ हा दिलासा येथे कुचकामी ठरतो. रागावणेही व्यर्थच, कारण पुष्कळदा नाकच चोंदलेले असते, आणि अशा मुलाला प्रथम नाक-घशाच्या वैद्याकडे नेले पाहिजे.

जपानी शाळांच्या दंततपासणीत 1995 पासून दातांची ठेवण व चावा यांचीही नोंद होते. चावणे, गिळणे, बोलणे यांच्या विकासातील उणिवेला 2018 साली आरोग्यविम्यात स्थान मिळाले. शाळेत दोष आढळलेल्या मुलाच्या सल्लामसलतीचा खर्च 2024 पासून विम्यात येतो. दात सरळ करण्याचा खर्च मात्र बहुधा कुटुंबावरच पडतो. दोष दाखवावयाचा आणि इलाज खिशावर सोपवावयाचा, हे न्याय्य म्हणता येत नाही. (याच देशात पुढे आलेला सुळा कौतुकाने पाहिला जातो, हेही गमतीचेच.)

फुकुओका येथील डॉ. इमाई काझुआकी यांनी तोंडाचा एक व्यायाम रूढ केला आहे. ‘आ’ म्हणताना तोंड मोठे उघडावयाचे, ‘ई’ला ओठ ताणावयाचे, ‘ऊ’ला पुढे काढावयाचे, ‘बे’ म्हणत जीभ बाहेर खाली ताणावयाची. असे दिवसातून तीस वेळा. याने वाकडे दात सरळ होत नाहीत. ओठ व जीभ यांना वळण लागावे, एवढाच हेतू. जपानी स्वरांचा क्रमही बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अध्ययनातूनच घडला आहे. मराठीच्या वर्गात बसणाऱ्या मुलाला हे स्वर परके वाटणार नाहीत. शिक्षकाने पाठापूर्वी दोन मिनिटे याला द्यावीत, ज्याचे ओठ नेहमीच उघडे राहतात त्याच्याकडे लक्ष ठेवावे, आणि त्याच्या आईवडिलांस ते एकांतात सांगावे, वर्गासमोर नव्हे.