खाडाखोड

बँकेत छत्तीस वर्षे मी दुसऱ्यांच्या वह्यांतली खाडाखोड पकडली. माझी स्वतःची पकडली गेली ती निवृत्तीनंतर, आंबोलीच्या सड्यावर, भर पावसात. आणि तीही बेडकांच्या हिशेबात!

माझा एक शाळासोबती प्राणिशास्त्राचा प्राध्यापक होता. तोही आता निवृत्त झाला आहे, पण प्राण्यांनी त्याला अजून निरोप दिलेला नाही. मेअखेरीस त्याचा फोन आला, "जूनमध्ये चार रात्री मोकळा आहेस का? आकडे नीट लिहिणारा माणूस हवाय." माझ्या अक्षराची अशी कदर बँकेनेही कधी केली नव्हती. मी 'हो' म्हणून बसलो. आमच्या सौभाग्यवतींना हे कळले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, न्हाणीघरात पाल दिसली तर तुम्ही मला हाका मारता!" आणि बॅगेत सुंठीची डबी व चार जादा बनियन भरून मोकळ्या झाल्या.

आंबोली सिंधुदुर्ग जिल्ह्यातली, सावंतवाडीहून चढणाऱ्या घाटाच्या माथ्यावरची. पुण्यात वर्षभरात पडतो त्याच्या सुमारे दहापट पाऊस इथे पडतो, हे मी वाचले होते. पण वाचताना अंगावर काही पडत नाही. आमचा तंबू एका शेतकऱ्याच्या अंगणाच्या कडेला, सड्यालगत होता. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. पहिल्या रात्री पाणी वरून आले, दुसऱ्या रात्री खालून. त्यानंतर ते कुठून येते हे पाहणे आम्ही सोडून दिले. वाळत घातलेले पायमोजे अधिक ओले होऊन परत मिळत. घरातली आजी सकाळी गरम पेज आणून देई आणि आमच्या अवताराकडे दयेने पाहत विचारी, "बेडूक मोजूचे पैसे गावतत?" प्रश्न अगदी बँकेतला होता, पण मला उत्तर सुचत नसे.

मोजायचा होता तो 'आंबोली टोड'. हा एवढासा बेडूक. अंगावर पट्टे, कुशीवर पिवळे डाग. पट्ट्यांमुळे त्याच्या शास्त्रीय नावात चक्क वाघ येऊन बसला आहे! ही वेगळी जात म्हणून शास्त्रज्ञांनी 2009 साली तिची नोंद केली. जगात ती राहते अगदी लहानशा टापूत, आणि नामशेष होण्याचा सर्वांत मोठा धोका असलेल्या प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय यादीत तिचे नाव आहे. ह्या बेडकाचा संसार पहिल्या सरींवर उभा राहतो. जांभ्याच्या खळग्यांत बोटभर पाणी साचले, की त्यात मादी अंडी घालते. पावसाने मध्येच दडी मारली तर खळगा आटतो, आणि अंड्यांसकट सारा संसार वाळून जातो.

आमचे काम सोपे होते. पाच खळग्यांना क्रमांक दिलेले. सड्यावर पाऊल टाकण्यापूर्वी बूट जंतुनाशकाने धुवायचे, म्हणजे दुसरीकडच्या पाण्यातला रोग इथे येणार नाही. मग दर तासाला प्रत्येक खळग्याशी गप्प उभे राहायचे, ओरडणारे नर मोजायचे, पट्टीने पाण्याची खोली घ्यायची आणि वहीत लिहायचे. तेही पेन्सिलीने, कारण शाई पावसात पळून जाते.

तिसऱ्या रात्री बारा ते तीन माझा पहारा होता. एक वाजता पाचव्या, म्हणजे सर्वांत लांबच्या खळग्यात सहा नर ओरडत होते. दोन वाजता पाऊस असा कोसळू लागला, की विजेरीच्या उजेडात पाण्याच्या भिंतीखेरीज काही दिसेना. चार खळगे मी कसेबसे केले. पाचव्याला जायला पाय तयार होईना. तासाभरात असा काय फरक पडणार, असे म्हणून मी तंबूत शिरलो आणि वहीत लिहिले : सहा. अक्षर मात्र सुरेख आले.

तीन वाजता मित्र उठून गेला तो धावतच परतला. चश्म्यावरून पाणी ओघळत होते, पण चेहरा शाळेत पहिला नंबर आला होता तेव्हासारखा झाला होता. "अरे, पाचवा खळगा भरून वाहतोय आणि तिथे एकही नाही! दोनला ह्याच पावसात सहा ओरडत होते, आणि आता शून्य! म्हणजे ते पावसाला भीत नाहीत, पाणी वाहू लागले की जागा सोडतात. हे टिपलेच पाहिजे!" ओल्या घोंगडीवर बसून तो पानभर लिहीत सुटला.

मी सुंठ चघळत बसलो. ती इतकी तिखट कधीच लागली नव्हती. अखेर राहवेना. म्हटले, "अरे, दोन वाजता मी तिथे गेलोच नव्हतो."

तंबूवर पाऊस वाजत होता. तो रागावला असता तर मला बरे वाटले असते. त्याने आपले पानभर टिपण शांतपणे फाडले, मग वही माझ्यापुढे सरकवली. "एकच रेघ मार. खालचा सहा वाचता आला पाहिजे. शेजारी लिही, 'निरीक्षण झाले नाही', आणि सही कर."

हा तर आमच्या बँकेचाच नियम! मी सही केली. वही मिटताना तो म्हणाला, "शून्य म्हणजे मी पाहिले आणि तिथे कोणी नव्हते. कोरी जागा म्हणजे मी पाहिलेच नाही. दोन्ही चालतात रे, खोटा सहा चालत नाही. उद्या एखाद्या वर्षी सगळ्याच खळग्यांत शून्य आले, तर ते लोकांना खरे वाटायला हवे ना?"

चौथ्या रात्रीही दोन वाजता तसाच पाऊस होता. मी पाचव्या खळग्यापर्यंत गेलो. दोनदा घसरलो, गुडघा फुटला, एका जळवेला यथेच्छ जेवू घातले. काठावर उभे राहून कान देऊन ऐकले. कोणीही ओरडत नव्हते. वहीत गोल, ठसठशीत शून्य काढले. आयुष्यात इतक्या मोलाचा आकडा मी लिहिला नसेन.

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी गुडघ्याला हळद लावता लावता विचारले, "शेवटच्या रात्री किती दिसले?"

"एकही नाही," मी ऐटीत म्हणालो, "पण जाऊन पाहून आलो."

ह्या दिवाळीत वह्यांची पूजा करताना आपण पहिल्या पानावर 'शुभ' आणि 'लाभ' लिहू. आमच्या घरी यंदा पाटावर एक वही जास्त असेल. पुढच्या जूनसाठी मित्राने ती आताच पाठवून दिली आहे. तिची पाने पावसाने फुगायची आहेत. आकडे मात्र जसे असतील तसेच पडतील.