गळका शॉकअप आणि मधला नट



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. निपाणीहून मुरगूडला परत येताना आमची जुनी मारुती ८०० एका गतिरोधकावरून गेली आणि नंतर कितीतरी वेळ होडीसारखी डुलत राहिली. घरी आल्यावर पुढच्या डाव्या चाकामागे वाकून पाहिले, तर तिथल्या नळकांड्यावरून तेलाचे ओघळ उतरले होते. आपल्याकडचे मिस्त्री ज्याला ‘शॉकअप’ म्हणतात तो गळू लागला होता.

या भागाचे पुस्तकी नाव मॅकफर्सन स्ट्रट. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याची ही रचना. १९५० साली फोर्डच्या इंग्लंडमध्ये बनलेल्या कॉन्सल आणि झेफर या गाड्यांत ती होती. आपल्याकडे १९८३ साली मारुती ८०० आली आणि तिच्या पुढच्या चाकांबरोबर ही रचना गावोगाव पोचली. त्या गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले, पण आजच्या बहुतेक लहान मोटारींच्या पुढच्या चाकांना हीच रचना असते.

तिचे काम काय? चाक खड्ड्यातून वर उसळले की स्प्रिंग दबते. पण स्प्रिंग ऊर्जा गिळत नाही, ती साठवते आणि परत देते. एकटी स्प्रिंग असती, तर एका खड्ड्यानंतर गाडी पुष्कळ वेळ वरखाली होत राहिली असती. म्हणून स्प्रिंगच्या आत तेलाने भरलेले नळकांडे बसवतात. त्यातला दट्ट्या सरकला की तेलाला बारीक छिद्रांतून वाट काढावी लागते. या ओढाताणीत आंदोलनांची ऊर्जा उष्णतेत बदलते आणि गाडी शांत होते. बारावीच्या पुस्तकातले ‘अवमंदन’ ते हेच.

“गळतोय तर गळू दे, गाडी थोडी उडेल एवढेच,” असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. हे मला मुळीच मान्य नाही. ब्रेक गाडीला थांबवतो तो टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणाने. उसळणारे चाक रस्त्यावर नीट टेकत नसेल, तर घर्षण येणार कुठून? सुकाणूचेही तसेच. गळका शॉकअप हा आरामाचा प्रश्न नाही, जिवाचा आहे. नळकांड्यावर नुसता तेलकट ओलावा असेल तर घाबरायला नको. ओघळ दिसले, की मात्र तो बदललाच पाहिजे.

मी ठरवले की हे काम घरीच करायचे. सपाट अंगणात गाडी लावली, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे दिले, चाकाचे नट जमिनीवरच सैल केले आणि मग जॅक लावला. नुसत्या जॅकवर विसंबायचे नाही, म्हणून गाडी भक्कम स्टँडवर टेकवली. विटा रचू नयेत. त्या एकदम फुटतात. ब्रेकची नळी ताणली जाणार नाही असे पाहून खालचे बोल्ट काढले, मग वरचे, बॉनेटखालचे, कडेचे नट काढले. अख्खा स्ट्रट हातात आला. मला फार अभिमान वाटला!

आता जुने नळकांडे काढून स्प्रिंग नव्यावर चढवायची होती. मी टोकावरच्या मधल्या नटाला पाना लावला. तेवढ्यात शेजारचे एक मिस्त्री कुंपणापलीकडून ओरडले, “सर, हात काढा! मधला नट नाही सोडायचा!”

मी थबकलो, आणि मग मला घाम फुटला. गाडीतून काढलेल्या स्ट्रटमध्येही स्प्रिंग दाबलेलीच असते आणि तिला अडवून धरणारा असतो तो हा मधला नट. समजा, स्प्रिंग दर मिलिमीटरला २० न्यूटन बल मागते आणि ती १० सेंटिमीटर दाबलेली आहे. म्हणजे तिथे २००० न्यूटन बल आणि १०० ज्यूल ऊर्जा अडकून बसली आहे. १० किलोचा दगड १ मीटरवरून पायावर पडावा, एवढी ही ऊर्जा! ती सगळी वरच्या १ किलोच्या लोखंडी भागाला मिळाली, तर तो सेकंदाला सुमारे १४ मीटर, म्हणजे तासाला ५० किलोमीटर वेगाने माझ्या तोंडावर आला असता.

स्प्रिंगच्या ऊर्जेचे सूत्र मी कित्येक वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. मिस्त्रींनी ते कधी लिहिले नसेल. पण त्या दिवशी ते त्यांच्या हातात होते, माझ्या हातात नव्हते.

म्हणून माझे मत असे आहे. घरी दुरुस्ती जरूर करावी. यंत्र उघडल्याशिवाय विज्ञान अंगी लागत नाही. पण हात कुठे थांबवायचा हे धाडसाने ठरवू नये, ऊर्जा कुठे साठली आहे हे पाहून ठरवावे. अख्खा स्ट्रट काढणे आणि बसवणे हे जाणत्या माणसाचे घरचे काम. स्प्रिंग सोडवणे हे गॅरेजचे, कारण तिला सर्व बाजूंनी सारखी दाबून धरणारा शिकंजा तिथे असतो. मी दोन्ही बाजूंचे स्ट्रट काढून तिथेच नेले. एक नवा आणि एक जुना ठेवला तर गाडी दोन्हीकडे सारखी वागत नाही. शेवटी चाकांची अलाइनमेंट करून घेतली. गळलेले तेल मातीत किंवा गटारात ओतले नाही. गटार शेवटी वेदगंगेलाच मिळते.

तुम्ही मात्र अजून गाडीखाली जाऊ नका. त्याऐवजी हा प्रयोग करा. एका लांब मऊ स्प्रिंगला वजन आणि त्याखाली पत्र्याची चकती टांगा. चकती हवेत असताना आंदोलने मोजा, मग ती पाण्याच्या बादलीत बुडवून पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजेच शॉकअपचे काम. आणि घरच्या मोटारीच्या चाकामागे तेलाचे ओघळ दिसतात का, ते आज संध्याकाळीच वडीलधाऱ्यांबरोबर पाहून घ्या.