प्रेक्षागार कोणाचे, मैदान कोणाचे?

क्रीडा संकुलाचे भूमिपूजन हा महाराष्ट्राच्या सत्ताकारणातील एक स्थायी विधी होऊन बसला आहे. नारळ फुटतो, कोनशिलेवरील पडदा दूर होतो, लोकप्रतिनिधींच्या नावांची उतरंड संगमरवरावर झळकू लागते आणि शेजारच्या हायस्कूलमधील मुले-मुली स्वागतगीतासाठी उन्हात रांगेने उभी केली जातात. ज्या जागेवर हा समारंभ चाललेला असतो त्या जागेवर उद्या या मुलांना धावता येईल काय, हा प्रश्न मात्र व्यासपीठावरील कोणालाही सुचत नाही. २०२४ साली अहिल्यानगर हे नाव धारण केलेल्या नगर जिल्ह्यापुरता तरी तो प्रश्न आता रोखठोकपणे विचारला गेला पाहिजे.

सतरा हजार चौरस किलोमीटरहून अधिक विस्ताराचा, चौदा तालुक्यांचा हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा आहे. शिक्षणाची त्याची परंपराही जुनी आहे. सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा नगरमध्येच होती आणि सावित्रीबाई फुले यांच्या अध्यापन-प्रशिक्षणाचा संबंध याच शहराशी जोडलेला आहे. पुढे रयत शिक्षण संस्था, हिंद सेवा मंडळ, जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाज यांसारख्या संस्थांनी खेडोपाडी माध्यमिक शिक्षण नेले. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि उसाच्या पैशातून शिक्षणसंस्थांचे नवे पर्व सुरू झाले. या काळात गावोगावी ज्या शाळा उभ्या राहिल्या त्यांच्या मागे गावकऱ्यांची वर्गणी होती, दिलेली जमीन होती, श्रमदान होते. शाळेची इमारत पत्र्याची असली तरी पुढे मोकळे मैदान असे. सकाळी तेथे कवायत आणि लेझीम, दुपारच्या सुटीत हुतुतू, आणि सायंकाळी गावातील तरुणांची खो-खो. १९४१ साली एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दलाची जी उभारणी झाली तिचा आधार अशी सार्वजनिक मैदानेच होती. रावसाहेब आणि अच्युतराव पटवर्धनांच्या जिल्ह्याला हे निराळे सांगावयास नको. जातीची आणि घराची ओळख मैदानाच्या सीमेबाहेर ठेवून पोरे एका डावात सामील होत, हे त्या मातीचे सर्वांत मोठे सामाजिक कार्य होते.

या मैदानाचे 'स्टेडियम' होत गेले, ती कहाणी उद्बोधक आहे. नगर शहरातील वाडिया पार्क हे तिचे ठळक उदाहरण. शहराच्या मध्यभागी असलेल्या या मैदानाने पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू पाहिले. आज ते जिल्हा क्रीडा संकुल म्हणून ओळखले जाते. १९९६ साली महाराष्ट्राने आपले क्रीडा धोरण जाहीर केले आणि विभाग, जिल्हा, तालुका अशा उतरंडीने संकुले उभारण्याचा कार्यक्रम पुढे आला. कार्यक्रमाचा उद्देश स्तुत्य होता, यात शंका नाही. परंतु मैदानाऐवजी 'संकुल' हा शब्द रूढ झाला त्याच क्षणी खेळाचा गुरुत्वमध्य शाळेपासून दूर सरकला. मैदान म्हटले की डोळ्यांपुढे मुले येतात; संकुल म्हटले की ठेकेदार, अंदाजपत्रक आणि दर्शनी बाजूचे दुकानगाळे.

आकडेच पाहावेत. २०२२ साली राज्य सरकारने तालुका क्रीडा संकुलाच्या अनुदानाची मर्यादा १ कोटीवरून ५ कोटी रुपये केली, जिल्हा संकुलाची ८ कोटींवरून २५ कोटी, आणि विभागीय संकुलाची २४ कोटींवरून ५० कोटी. या हिशेबाने एकट्या नगर जिल्ह्यात चौदा तालुके आणि एक जिल्हा संकुल मिळून ९५ कोटी रुपयांपर्यंतची तरतूद धोरणाला मान्य आहे. एवढ्या रकमेतून प्रेक्षकांच्या पायऱ्या, बंदिस्त सभागृह, व्यायामशाळा आणि संरक्षक भिंत हे सारे होऊ शकते. पण भंडारदऱ्याच्या परिसरातील आदिवासी मुलीने शाळा सुटल्यावर राजूरमार्गे अकोल्याच्या संकुलात जावे कसे आणि अंधार पडण्यापूर्वी घरी परतावे कसे, याचे उत्तर त्या अंदाजपत्रकाच्या कोणत्याही रकान्यात नाही. जामखेडच्या ऊसतोड कामगाराच्या मुलालाही तेच लागू आहे. तालुक्याचे संकुल वस्तुतः तालुक्याच्या गावाचे संकुल असते. आणि त्या गावातही ते बहुधा सदस्यत्वाची फी भरू शकणाऱ्यांचे असते.

यावर एक ठरलेले उत्तर दिले जाते. भव्य सुविधा नसतील तर आंतरराष्ट्रीय खेळाडू कसे घडणार? या प्रश्नाचे उत्तर जिल्ह्याच्याच इतिहासाने दिलेले आहे. २०११ च्या विश्वचषकात २१ बळी घेणारा झहीर खान १९७८ साली श्रीरामपुरात जन्मला आणि तेथेच शिकला. परंतु गोलंदाज म्हणून वर येण्यासाठी त्याला मुंबईच्या क्लबाचा आश्रय घ्यावा लागला. अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दचा. त्याचा खेळ डोंबिवली-मुंबईत घडला. मुंबईत तरी कोणते प्रेक्षागार होते? १९८८ साली सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या शाळकरी मुलांनी ६६४ धावांची भागी रचली ती आझाद मैदानावर, जेथे एकाच वेळी अनेक सामने एकमेकांच्या सीमारेषा ओलांडून चालतात. तेथे शाळांचे सामने वर्षानुवर्षे नियमाने होतात आणि मैदान मोकळे असते, एवढेच त्या यशाचे रहस्य. जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरील शाळेत पायी जात असे. २०२३ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने सुवर्णपदक मिळविले. त्याच्या पायांना वळण दिले ते आधी रस्त्याने आणि नंतर सैन्याने. या तिघांच्या नावाचे फलक संकुलांच्या भिंतींवर लावण्यास कोणाची हरकत नाही; त्यांच्या यशाचे श्रेय भिंतींना देण्यास मात्र हरकत घेतलीच पाहिजे.

दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. प्रेक्षागाराला प्रेक्षक लागतात, प्रेक्षकांना तमाशा लागतो आणि तमाशाला पुरस्कर्ते लागतात. २०२५ च्या जानेवारीअखेर आणि फेब्रुवारीच्या आरंभी वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा भरली. तेथे विजेत्याला मोटारगाडी मिळाली, पंचाच्या निर्णयावरून वाद पेटला आणि प्रकरण पंचाला लाथ मारण्यापर्यंत गेले. दोष एखाद्या मल्लाच्या माथी मारून हा विषय संपत नाही. जेथे वर्षभराच्या कष्टांचे मोल एका संध्याकाळच्या बक्षिसावर तोलले जाते आणि राजकीय पुढारी आखाड्याच्या कडेला यजमान म्हणून मिरवतात, तेथे खिलाडूपणा टिकावा तरी कसा? हजारो लोक बसून पाहतात आणि दोघे खेळतात, हे क्रीडाजीवनाचे लक्षण समजायचे की त्याच्या ऱ्हासाचे?

कायद्याची स्थितीही तपासून पाहण्यासारखी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण असणे हा मानक ठरविला आहे. तथापि हा कायदा आठवीपर्यंतच पोहोचतो. खेळाडू म्हणून घडण्याचे जे खरे वय, त्या नववी-दहावीच्या उंबरठ्यावर हक्काची भाषा थांबते. आठवीपर्यंतही पालन कसे होते? शाळांची माहिती गोळा करणाऱ्या यूडायस प्रपत्रात मैदान आहे की नाही एवढ्या नोंदीवर भागते. नसल्यास शेजारच्या मैदानाची व्यवस्था असल्याचे लिहिता येते. ते शेजारचे मैदान बाजाराचे आहे, मंगल कार्यालयाचे आहे की केवळ कागदावरचे आहे, हे पाहण्यास कोण जातो? शिक्षकाच्या बाबतीत हाच कायदा सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तरच शारीरिक शिक्षणाचा निदेशक देतो, आणि तोही अंशकालीन. म्हणजे संकुलाला कोटींचे अनुदान आणि शाळेला अर्धवेळ मार्गदर्शक!

शहरांतील मैदाने तर कायद्याच्याच वाटेने नाहीशी होतात. विकास आराखड्यात जागा क्रीडांगणासाठी राखीव ठेवली जाते. दहा वर्षांत संपादन न झाल्यास १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे जमीनमालक खरेदीची नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण आपोआप व्यपगत होते. नगरपालिकेने काहीही केले नाही तरी मैदान जाते. निष्क्रियता ही येथे कोणाच्या तरी लाभाची कृती असते, हे कार्यकर्त्यांनी ओळखले पाहिजे.

वास्तविक शाळेच्या गरजा अत्यंत माफक आहेत. कबड्डीचे क्रीडांगण तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असते. खो-खोला सत्तावीस बाय सोळा मीटर पुरतात. वीस गुंठे सपाट जमिनीत ही दोन्ही क्रीडांगणे, लांब उडीचा खड्डा आणि धावण्यास मोकळी जागा बसते. चारशे मीटरची प्रमाण धावपट्टी मात्र चार एकरांच्या आसपास जागा मागते. ती प्रत्येक गावी होणार नाही, आणि त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी संकुल असावे याला कोणाचाही विरोध असण्याचे कारण नाही. प्रश्न क्रमाचा आहे. कळसाला सोने चढले आणि पाया खोदायचाच राहिला, अशी आजची अवस्था आहे.

जमीन कोठून आणावी, असे विचारणाऱ्यांनी श्रीरामपूर-राहाता-कोपरगावच्या शिवारावर नजर टाकावी. कमाल जमीन धारणेच्या १९६१ च्या कायद्याने खाजगी साखर कारखान्यांकडून घेतलेल्या जमिनी १९६३ साली स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे आल्या. खंडकरी शेतकऱ्यांनी दीर्घ लढा देऊन आपला वाटा परत मिळविला, तो त्यांचा हक्कच होता. परंतु महामंडळाच्या जमिनीतून औद्योगिक वसाहतीसाठी शेकडो एकर निघू शकतात, तर त्या परिसरातील हायस्कुलांसाठी वीस-वीस गुंठे का निघू नयेत? समाजाच्या नावाने घेतलेल्या जमिनीवर समाजाच्या मुलांचा पहिला हक्क आहे.

मैदान सायंकाळी खुले ठेवले तर नासधूस होते, अशी तक्रार संस्थाचालक करतात. ती सर्वस्वी खोटी नाही. फुटलेल्या बाटल्या आणि मोडलेली फाटके अनेक ठिकाणी दिसतात. पण ज्या मैदानावर रोज पन्नास मुले खेळतात तेथे बाटली फोडणाऱ्याला जागा उरत नाही. कुलूप लावलेल्या मैदानावरच तो निर्धास्त बसतो. शिवाय याच मैदानांची फाटके लग्नसमारंभांना, प्रदर्शनांना आणि प्रचारसभांना सहज उघडतात, तेव्हा नासधुशीची चिंता कोठे जाते?

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. अनुदानित हायस्कूलच्या मैदानाची क्रीडांगण म्हणून सातबाऱ्यावर नोंद व्हावी व त्याचा अन्य वापर ग्रामसभेच्या संमतीवाचून होऊ नये. तालुका संकुलाच्या निधीतील निश्चित हिस्सा तालुक्यातील शाळांच्या मैदानांसाठी प्रथम राखून ठेवावा. प्रत्येक हायस्कूलला पूर्णवेळ क्रीडाशिक्षक मिळावा. शाळा सुटल्यानंतरचे दोन तास मैदान गावाला खुले असावे आणि आठवड्यातील काही दिवस ते केवळ मुलींसाठी असावे. कारण सावित्रीबाईंचे नाव घेणाऱ्या जिल्ह्यात मुलगी आजही मैदानाच्या कडेला उभी राहून भावाचा खेळ पाहते.

यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. कार्यकर्त्यांनी आपापल्या गावातील शाळेच्या मैदानाची मोजणी करावी, सातबारा काढावा, अतिक्रमणाची नोंद ग्रामसभेपुढे ठेवावी आणि पुढच्या भूमिपूजनाच्या वेळी पाहुण्यांना एकच प्रश्न विचारावा: साहेब, येथे उद्यापासून कोण खेळणार आहे? त्याचे उत्तर व्यासपीठावरून मिळाले नाही, तर स्वागतगीताच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलांना त्या रांगेतून मोकळे करून मैदानात उतरविणे, हे काम गावाला स्वतःच हाती घ्यावे लागेल.