भ्यालेले डोळे व न्यायाची साक्ष

प्रत्यक्षास प्रमाण नको, असें म्हणण्याचा आपल्यांत प्रघात आहे. व कोर्टांतहि ‘मीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें’ असें साक्षीदारानें शपथेवर सांगितलें कीं, पुष्कळांस पुढें विचार करण्याचें कारण उरत नाहीं. पण हें प्रत्यक्ष किती ठिसूळ असतें! दिवसभर जमाखर्चांत डोळे घातलेल्या गुमास्त्यास सायंकाळीं आंकडे पुसट दिसतात; कारण डोळ्यांतील भिंगास आकार देणारा स्नायु सारखा आवळून थकतो, आणि टक लावल्यानें पापण्या कमी मिटून डोळा कोरडा पडतो. हा दोष झोंपेनें जातो. भीतीचें तसें नाहीं. भय वाटतांच बाहुल्या विस्फारतात, पण अवधान मात्र भयाच्या वस्तूवर आकुंचित होतें. भित्यापाठीं ब्रह्मराक्षस ही म्हण आपल्या बायाबापड्यांनीं प्रयोगशाळेवांचून सिद्ध केली होती! एलिझाबेथ लॉफ्टस प्रभृतींनीं १९८७ सालीं तेंच चित्रांच्या साह्यानें तपासून पाहिलें: गिऱ्हाइकाच्या हातीं धनादेशाऐवजीं पिस्तूल दाखविलें असतां पाहणारांची नजर पिस्तुलावर खिळे, व चेहरा ओळखण्यांत ते अधिक चुकत.

याचें फळ काय होतें तें पाहा. १९८४ सालीं अमेरिकेंतील उत्तर कॅरोलिनांत, बर्लिंग्टन येथें, रात्रीं घरांत शिरून एका विद्यार्थिनीवर बलात्कार झाला. पुढें ओळखतां यावा म्हणून तिनें नराधमाचा चेहरा मुद्दाम निरखला होता. रोनाल्ड कॉटन यास तिनें प्रथम छायाचित्रांत, मग ओळख परेडींत, मग कोर्टांत ओळखलें. १९८५ सालीं त्यास जन्मठेप झाली. १९८७ च्या फेरसुनावणींत खरा अपराधी बॉबी पूल समोर उभा केला असतां, यास आपण कधींच पाहिलें नाहीं, असें ती म्हणाली! १९९५ सालीं डीएनए परीक्षेनें कॉटन निर्दोष ठरला. तोंवर दहा वर्षें तुरुंगांत गेलीं होतीं. बाई खोटें बोलली नव्हती, हेंच यांतील भयंकर.

१८७२ च्या पुरावा कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमानें घेतली. परंतु ओळख परेड हा केवळ पुष्टीचा पुरावा, व खरा पुरावा कोर्टांतील ओळख, हें सूत्र कायम आहे. जी ओळख महिन्यांनीं, वर्तमानपत्रांत फोटो पाहून झाल्यावर, पिंजऱ्यांतील एकट्या मनुष्याकडे बोट दाखवून होते, ती श्रेष्ठ कशी, हें आम्हांस उमगत नाहीं. अशा शंकांनीं चोर सुटतील, असें कोणी म्हणेल. पण भलताच मनुष्य गजाआड गेला म्हणजे खऱ्या चोराचा शोधच थांबतो, त्याची वाट काय? परेड विनाविलंब व्हावी, ती घेणारास संशयित कोण हें ठाऊक नसावें, आणि साक्षीदारास प्रथम कितपत खात्री होती, उजेड किती होता, अंतर किती होतें, हें त्याच दिवशीं त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावें. यास नवा कर लागत नाहीं.