गंगाजळी आणि घरखर्च

‘परकीय चलनाची गंगाजळी वाढली’ असे वृत्तपत्रात वाचले, की आम्हा ग्वाल्हेरकरांच्या डोळ्यांपुढे निराळेच चित्र उभे राहते. शिंदे दरबारच्या गुप्त खजिन्याला आमच्याकडे गंगाजळीच म्हणतात. जयाजीराव महाराजांनी तो अपार वाढविला. १८८६ मध्ये ते निवर्तले आणि पुढच्याच वर्षी दरबाराने हिंदुस्थान सरकारला साडेतीन कोटी रुपये कर्जाऊ दिले!

परवा दर्पण कॉलनीतील आमच्या घरी माझी एक जुनी विद्यार्थिनी आली. ती आता राज्यशास्त्र शिकते. तिने विचारले, “सर, अडचणीसाठी साठवावे, हा संसाराचा पहिला धडा. मग मंदीत सरकारने खर्च वाढवावा, असे हे अर्थशास्त्राचे पुस्तक का सांगते?”

तिचे आजोबा बिर्लानगरच्या जे. सी. मिलमध्ये होते. १९९० च्या दशकात ती गिरणी बंद पडली. मी म्हटले, “आजोबांनी तेव्हा हात आखडला, ते शहाणपणाचेच होते. पण त्यांचा खर्च हीच हजिऱ्याच्या वाण्याची मिळकत. वाण्याची विक्री घटली, की तो नोकर कमी करतो. मग नोकराच्या घरचे दूध कमी होते. सारेच एकदम काटकसर करू लागले, तर साऱ्यांचीच प्राप्ती आटते. जे घराला भूषण, ते राष्ट्राला दूषण! अशा वेळी खर्चाला पुढे होण्याचे बळ सरकारपाशीच असते.” केन्स यांनी १९३६ च्या आपल्या ग्रंथात हाच विचार मांडला.

“मग नोटा छापून वाटाव्यात की!” ती हसून म्हणाली. पण माल तेवढाच आणि पैसा अधिक झाला, तर भाव चढतात. त्याची झळ रोजंदारीवाल्याला आधी लागते. म्हणूनच महागाई वाढल्यावर रिझर्व्ह बँकेने मे २०२२ मध्ये ४ टक्क्यांवर असलेला रेपो दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा टक्क्यांवर नेला.

अर्थसंकल्प आपण निवडलेली संसद मंजूर करते; व्याजदर मात्र सहा जणांची समिती ठरविते. बेकारीचा भार कोणी सोसावा आणि महागाईचा कोणी, हा प्रश्न केवळ गणिताचा नव्हे, राज्यशास्त्राचाही आहे.

“आजोबा म्हणत, आपलेच नशीब फुटके,” जाताना ती म्हणाली.

वाचकहो, गिरणी का बंद पडली, हा निराळा विषय. पण त्यानंतर शहरात दुसरे काम निघते की नाही, हे पुष्कळसे धोरणावर अवलंबून असते. नशिबाला जाब विचारता येत नाही, धोरणाला येतो.