शोधत शोधत चालणे

‘रोज अर्धा तास चालत जा’ हे वाक्य आम्ही डॉक्टर मंडळी दिवसातून किती वेळा उच्चारतो याची गणती नाही. ऐकणारा मान डोलावतो, औषधांची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवतो आणि पुढच्या महिन्यात तेच गुडघे व तीच साखर घेऊन पुन्हा समोर बसतो. त्याला आळशी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु एका वृद्ध शेतकऱ्याने मला सरळ विचारले होते, “डॉक्टरसाहेब, चालायचं त आहे जी, पण जाऊ कुठं?” जन्मभर हा माणूस शेतावर, बाजाराला, सोयऱ्यांच्या गावी कामासाठीच चालला. निव्वळ चालण्यासाठी चालणे त्याच्या बुद्धीला पटत नाही. आजचे लेखन त्या ‘कुठं’विषयी आहे.

आमच्या भागातील एक निवृत्त शिक्षक व त्यांच्या पत्नी मुलाकडे सहा महिने इंग्लंडला राहून आले. मुलगा-सून दिवसभर कामावर, बाहेर ओलसर थंडी, शेजारी ओळखीचे कोणी नाही; पहिला महिना दोघांनी खिडकीशी बसून काढला. पुढे नातीने आजोबांना रविवारी एका खेळाला नेले. त्या खेळाचे नाव जिओकॅशिंग. कोणीतरी, कुठेतरी एक लहानशी जलरोधक डबी लपवून ठेवलेली असते आणि तिच्या जागेचे अक्षांश-रेखांश सर्वांना जाहीर केलेले असतात. मोबाईल तुम्हाला त्या जागेच्या काही मीटर जवळपर्यंत नेतो. तेथून पुढे डोळ्यांचे काम. झाडाचे मूळ, दगडी कुंपणाची फट, जुन्या पुलाचा कठडा, सगळीकडे पाहायचे. डबी सापडली की आतल्या वहीत नाव व तारीख लिहायची, एखादी छोटी वस्तू घेतली तर तितक्याच मोलाची दुसरी ठेवायची आणि डबी जशी होती तशी पुन्हा लपवायची. बक्षीस काहीच नाही. गुरुजी मात्र परत आले ते दर रविवारी तास-दोन तास चालण्याची सवय घेऊन. “फोन नातीच्या हाती आणि नजर माझी,” असे ते कौतुकाने सांगतात.

या खेळाची मुळे इंग्लंडच्याच मातीत आहेत. १८५४ मध्ये डार्टमूर या ओसाड पठारावर जेम्स पेरॉट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल या दुर्गम जागी एक बरणी ठेवली. तेथवर पोहोचणारे लोक तीत आपले नावाचे कार्ड ठेवून येऊ लागले. त्यातूनच ‘लेटरबॉक्सिंग’चा छंद वाढला. उपग्रहांची जोड मिळाली ती २००० साली. अमेरिकेने नागरी वापराच्या जीपीएस संकेतांत मुद्दाम ठेवलेली अचूकतेची उणीव मे महिन्याच्या आरंभी काढून टाकली आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर याने ओरेगॉन राज्यात पोर्टलँड शहराजवळ पहिली बादली लपविली. आज हा खेळ जगभर चालतो. इंग्लंडच्या ग्रामीण भागात त्याला विशेष बहर आला, कारण तेथे शेताशिवारांतून जाणाऱ्या पायवाटांवर चालण्याचा सर्वांना कायदेशीर हक्क आहे, आणि ज्यांच्यामुळे जीव धोक्यात येईल अशी वन्य श्वापदे त्या वाटांवर नाहीत.

नेमका येथेच आपला प्रदेश वेगळा पडतो. गुरुजींनी मला विचारले, “इथं असं काही करता येईल का?” मी म्हटले, करता येईल, पण डबीशिवाय. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात बेवारस डबा दिसला तर त्याला हात लावायचा नाही, दूर व्हायचे आणि पोलिसांना कळवायचे, हे येथे लहान मुलालाही ठाऊक असते. पेरून ठेवलेल्या स्फोटकांनी या भूमीत माणसे मारली आहेत. तेव्हा गंमत म्हणूनही येथे कोणी डबा लपवू नये आणि शोधूही नये. दुसरे कारण वाघाचे. वाकलेला किंवा खाली बसलेला माणूस वाघाला सावजासारखा भासतो, असे वनकर्मचारी सांगतात; तेंदू आणि मोहाच्या हंगामातील दुर्घटना आपण दरवर्षी वाचतो. झुडपात वाकून शोधणे हाच ज्या खेळाचा गाभा, तो आपल्या जंगलात खेळण्याजोगा नाही. ताडोबाच्या राखीव क्षेत्रात तर पायी फिरण्यास मुभाच नाही. तिसरे कारण सापा-विंचवांचे. भिंतीच्या फटीत हात घालणे आपल्याकडे शहाणपणाचे नव्हे.

सुदैवाने या खेळाचा एक प्रकार डबीशिवायच खेळला जातो. दिलेल्या स्थळी जायचे, तेथील खडक, शिल्प किंवा पाटी नीट पाहायची आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आणायचे. त्यासाठी आपल्या जिल्ह्यांएवढी समृद्ध जागा क्वचितच सापडेल. चंद्रपूर शहराचा गोंडकालीन परकोटच घ्या. आख्यायिका अशी की, खांडक्या बल्लाळशाह राजाच्या कुत्र्याच्या मागे एक ससा लागला. राजाने त्यांचा माग काढला आणि राणीच्या सल्ल्याने ससा जेथून धावला त्या वाटेवर तट उभारण्याचे ठरले. म्हणजे आपले शहरच एका शोधाच्या पाऊलखुणांवर वसले आहे! या तटाला जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा असे चार दरवाजे आणि बगड, हनुमान, विठोबा, मसण व चोर अशा पाच खिडक्या आहेत. कित्येक चंद्रपूरकर रोज जटपुरा गेटखालून जातात, पण हत्तीवर झेप घेणारा तो गोंडी सिंह थांबून किती जणांनी पाहिला आहे? इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी २०१७ पासून झाडाझुडपांत हरवलेला हा तट श्रमदानाने साफ केला, म्हणूनच त्याचे बरेच भाग आज पाहता येतात. अंचलेश्वर मंदिराशेजारी राणी हिराईने बांधलेली बीरशाहाची समाधी आहे. भद्रावतीला विजासनची लेणी आहेत. गडचिरोलीत चामोर्शीजवळ मार्कंडादेवला वैनगंगा उत्तरवाहिनी होते आणि काठावर शिल्पांनी मढलेली देवळे उभी आहेत. सिरोंचा तालुक्यात वडधम येथे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वृक्षांचे व प्राण्यांचे जीवाश्म आहेत.

घरातील नातवंडाने पाच प्रश्न कागदावर लिहावेत. दरवाजावरचा सिंह कोणत्या दिशेला पाहतो? या खिडकीतून मोठा माणूस न वाकता जाऊ शकेल का? नदी देवळाच्या कोणत्या अंगाला आहे? आजी-आजोबांनी उत्तरे शोधून वहीत नोंदवावीत. संरक्षित स्मारकावर काही ठेवायचे नाही, काही उचलायचे नाही, दगडावर नाव कोरायचे नाही.

आता वैद्यकीय बाजू. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ज्येष्ठांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि तीन दिवस तोल व ताकद वाढविणाऱ्या हालचाली कराव्यात. मध्यम श्रम म्हणजे चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतपत. शोधत चालण्यात थांबणे, वळणे, मान वर करून पाहणे, एखादी पायरी चढणे हे सारे आपोआप घडते. सरळ रस्त्यावरच्या फेऱ्यांत ते घडत नाही. वाटा लक्षात ठेवण्याने मेंदूलाही काम मिळते. लंडनच्या टॅक्सीचालकांवरील २००० सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे. हजारो रस्ते पाठ असलेल्या या चालकांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या स्मरणकेंद्राचा मागील भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. याचा अर्थ असे फिरल्याने स्मृतिभ्रंश टळतोच असा नव्हे. मात्र वापरात राहणारा अवयव चांगला राहतो, एवढे मानण्यास हरकत नाही.

काळजीही तितकीच घ्यावी. आपला उन्हाळा देशातील सर्वांत कडक उन्हाळ्यांपैकी आहे. मार्चच्या मध्यापासून पावसाला सुरुवात होईपर्यंत हा छंद बासनात ठेवावा. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी घेणाऱ्यांना उन्हाचा त्रास लवकर होतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. त्यातही भल्या पहाटे बाहेर पडू नये. एक तर औद्योगिक भागात थंडीतला धूर सकाळी खाली साचून राहतो व दम्याच्या रुग्णाला बाधतो; दुसरे म्हणजे पहाट आणि सांज या वेळा श्वापदांच्या. सूर्य चांगला वर आल्यावर निघावे. वस्तीबाहेरच्या स्थळी वनविभागाच्या सूचना विचारून, चार जणांनी मिळूनच जावे.

खाली वाकून पाहिल्यावर झटकन उभे राहू नये. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना अशा वेळी भोवळ येते. आधार धरून, दोन श्वास घेऊन मगच उठावे. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून पायरीची कड फसवी दिसते, म्हणून उतरताना हात कठड्यावर असावा. पायांत मागून बंद, न घसरणारी पादत्राणे हवीत आणि मधुमेहींनी घरी आल्यावर तळपाय तपासावेत. इन्शुलिन किंवा साखर कमी करणारी गोळी घेणाऱ्याच्या खिशात साखरेची पुडी असलीच पाहिजे. आणखी एक गोष्ट, जी रुग्ण संकोचाने बोलत नाहीत: वाटेत लघवीला जावे लागेल म्हणून अनेक आया-आजी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. सोबत नेणाऱ्याने स्वच्छतागृह कुठे आहे हे आधी पाहून ठेवावे व तसे त्यांना सांगावे. पाणी पिण्याचा आग्रह त्यानंतर करावा. नातवंडांपैकी कोणाला सिकलसेलचा आजार असेल, आणि आपल्या भागात तो बऱ्याच घरांत आहे, तर तहान आणि दमणूक त्यालाही वर्ज्य.

छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अचानक दम लागणे यांपैकी काही झाले तर तेथेच बसावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. साप चावल्यास पट्टी आवळणे, चिरा देणे, मांत्रिकाकडे जाणे यांत वेळ न दवडता, तो हात किंवा पाय न हलवता, थेट रुग्णालय गाठावे.

वहीचा एक उपयोग मात्र माझ्यासारख्यांसाठी आहे. तारीख, स्थळ, किती वेळ चाललो, कुठे थांबावे लागले, एवढे लिहून आणा. मागच्या महिन्यात जो तटाचा टप्पा न थांबता पार झाला, त्याच टप्प्यावर या महिन्यात दोनदा थांबावे लागले असेल, तर ती नोंद मला पुष्कळ सांगते. रक्त कमी झाले असेल, हृदयाचा पुरवठा रोडावला असेल, पायांच्या धमन्या अरुंद झाल्या असतील. “थोडं थकल्यासारखं वाटतं” या वाक्यात हे सारे दडून राहते. वहीतून ते वेळेवर बाहेर येते.

ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. या खेळात लपविणाराही लागतो. अंथरुणावरच्या आजोबांनी प्रश्न काढावेत: जुना बाजार कुठे भरत असे, कोणत्या विहिरीचे पाणी गोड होते, शाळेच्या आवारात कोणते झाड होते. नातवाने जाऊन छायाचित्र आणावे. ज्यांची स्मृती ढळू लागली आहे, त्यांना मात्र ‘आठवतं का?’ असे विचारून परीक्षेला बसवू नये. त्यांच्या ओळखीच्याच जागी हात धरून न्यावे आणि आपण सांगत राहावे. त्यांना क्षणभरही एकटे सोडू नये; खिशात नाव व घरचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

काळजीवाहूंना शेवटी एवढेच सांगावेसे वाटते. “बाबा, जरा फिरून या” आणि “बाबा, मला ते दाखवायला चला” या दोन वाक्यांत फार अंतर आहे. पहिल्या वाक्यात त्यांना घराबाहेर धाडणे आहे, दुसऱ्यात त्यांची गरज आहे. या पंधरवड्यात एक रविवार ठरवा, घराजवळचे एकच स्थळ निवडा, पाच प्रश्न लिहा आणि त्या दिवशी अर्ध्या तासापेक्षा अधिक चालू नका. वही भरू लागली की पुढच्या तपासणीला ती सोबत आणा. रक्तदाबाच्या नोंदीइतक्याच लक्षपूर्वक ती वाचली जाईल.